पॉल क्लेच्या ‘ट्विटरिंग मशीन’मधली केसाळ रेघ: कशी आली आणि आपल्या कागदावर कशी आणायची?

कोरा_कागद

स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्लेचं ‘ट्विटरिंग मशीन’ (किलबिलणारं यंत्र, १९२२) पडद्यावर मोठं करून बघा. चार पक्षी, त्यांच्या पायाखालची तार, उजवीकडे फिरवायचा दांडा, सगळं निव्वळ रेघेत आहे. पण ही रेघ टाकाची वाटत नाही, ब्रशची नाही, पेन्सिलचीही नाही. टाकाच्या रेघेला धार असते. ओल्या कागदावर शाई फुटली तर ती पसरते, तिला बारीक मुळं फुटतात. ही मधे गडद, कडांना केसाळ आणि मधूनच तुटलेली आहे. आजूबाजूला काळपट डाग आहेत, जणू काजळी लागलेला तळवा कुणीतरी कागदावर टेकवला. वरून निळा-जांभळा वॉश (पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर) गेलाय, तरी रेघ जागची हललेली नाही.

संग्रहालयाच्या नोंदीत माध्यम ‘ऑइल ट्रान्सफर ड्रॉइंग, जलरंग आणि शाई’ असं दिलंय. त्यातली तैलरंगाची उमट जमते का ते पाहायला तीन प्रयोग करून झाले. काळ्या कार्बन पेपरने रेघ बारीक आणि अगदी स्वच्छ येते, केसाळपणा शून्य. ट्यूबमधला काळा तैलरंग ब्रशने ट्रेसिंग पेपरवर लावून पालथा घातला, तर अख्खा कागद काळा होतो आणि रेघ शोधावी लागते. तोच रंग चार दिवस वाळवून वापरला, तर काहीच उमटत नाही.

म्हणजे या दोन टोकांच्या मधे कुठेतरी बरोबर वेळ आहे. ती ओळखायची कशी? वॉश कधी द्यायचा? कागद कोणता घ्यायचा? आणि एक वादाचा प्रश्न: याला अतिवास्तववादी (सर्रिअलिस्ट) चित्र म्हणावं का?

---

रद्दीवर_रोलर

तुमचे तिन्ही प्रयोग बरोबर दिशेनेच चाललेत. चुकतंय ते रंगाच्या थराच्या जाडीत.

आधी मांडणी. सगळ्यात खाली चित्राचा चांगला कागद. त्यावर काळा रंग लावलेला पातळ कागद, रंगाची बाजू खाली. त्यावर तयार रेखाटन, तोंड वर. मग टोकदार वस्तूने रेखाटन गिरवायचं. क्लेने ही रीत १९१९ च्या सुमारास बसवली आणि पुढची काही वर्षं भरपूर वापरली. ‘आंगेलुस नोवुस’ (१९२०, आता जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये) याच पद्धतीचं. ‘ट्विटरिंग मशीन’चं मूळ पेनचं रेखाटन आदल्या वर्षीचं आहे, नाव ‘फांदीवरची मैफल’. म्हणजे फांदीची तार झाली आणि मैफलीचं यंत्र झालं, ते रेखाटन आणि रंगचित्र यांच्या मधल्या प्रवासात.

फ्रेंच चित्रकार गोगँनेही तैलरंगाची उमट वापरली होती, आणि इंटरनेटवरच्या अनेक व्हिडिओंमध्ये क्लेच्या नावाखाली त्याचीच पद्धत दाखवतात. तिच्यात रंग लावलेला थर खाली असतो, कागद त्यावर पालथा आणि रेखाटन कागदाच्या पाठीवर. त्यामुळे चित्र आरशासारखं उलटं येतं. क्लेच्या मांडणीत ते सुलटंच राहतं, शिवाय मूळ रेखाटन शाबूत राहतं आणि दुसऱ्या कागदावर पुन्हा गिरवता येतं.

आता रंग. ट्यूबमधल्या काळ्या रंगात, विशेषतः आयव्हरी ब्लॅकमध्ये, तेल फार असतं आणि तो वाळायलाही आळशी. ए-४ साठी साधारण दोन सेंटीमीटरचा पट्टा रद्दीच्या चार घड्यांवर काढा आणि तासभर तसाच राहू द्या. रद्दी जास्तीचं तेल पिते. त्यात पाव भाग बर्न्ट अंबर मिसळा. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे तेल लवकर वाळतं. वर काळ्यात किंचित उबदारपणा येतो, तो या चित्रांना शोभतो. लिनोकट किंवा एचिंग या छपाईची तेलावरची काळी शाई मिळाली तर उत्तमच. ती मुळातच घट्ट असते आणि अशी निथळावी लागत नाही. पाण्यात धुता येणारी लिनोची शाई मात्र नको, कारण वॉश दिला की रेघ त्याच्याबरोबर निघून जाईल.

रंग ब्रशने लावायचा नाही. सगळा घोळ इथेच होतो. ब्रशचे केस रंगाचे उंचवटे सोडतात आणि पालथा घातल्याबरोबर ते उंचवटे दाबाशिवायच खाली छापले जातात. काचेवर रबरी रोलरने रंग लाटा. आधी चपचप आवाज येईल. थर पातळ झाला की तो बारीक चर्रर्र असा होतो. तिथे थांबा. मग त्याच रोलरने पातळ कागदावर एक हात उभा आणि एक आडवा. कागद उजेडापुढे धरला तर काळ्यातून थोडा उजेड दिसायला हवा. ठार काळा दिसत असेल तर रंग जास्त झालाय. वर कोरी रद्दी ठेवून तळव्याने हलकेच दाबा आणि उचलून घ्या.

रंग लावायला ४० ते ६० जीएसएमचा (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) कागद घ्या. ९० जीएसएमचा ट्रेसिंग पेपर ताठ असतो. टोकाचा दाब तो आजूबाजूला वाटून टाकतो आणि रेघ बोथट येते. स्वयंपाकघरातला सिलिकॉन लावलेला बटर पेपर चालत नाही, रंग त्यावर धरत नाही. साधा न्यूजप्रिंट चालतो, पण तो तेल पितो, म्हणून त्यावर रंग लवकर सुकतो आणि रेघ जरा कोरडी, भुकटीसारखी येते. दोन्ही करून पाहा.

वेळ ओळखायला घड्याळाचा उपयोग नाही, कारण हवा, रंग आणि कागद दर वेळी वेगळे. त्याऐवजी अशी चाचणी करा: चांगल्या कागदाच्या एका पट्टीवर रंगाचा कागद पालथा ठेवा. पाठीवर तळवा टेकवून पाच आकडे मोजा. शेजारी बंद पडलेल्या बॉलपेनने एक रेघ ओढा. तळव्याखाली फिकट राखाडी छाया आणि रेघेखाली गडद काळं आलं, तर लागलीच काम सुरू करा. तळव्याखालीही काळं आलं तर अर्धा तास थांबा. रेघच फिकी आली तर वेळ टळून गेलीय, पुन्हा रोलर फिरवा.

गिरवायला बंद बॉलपेन, ४एच पेन्सिल किंवा विणायची सुई. क्लेने सुई वापरली. पण टोक एक मिलीमीटरपेक्षा फार बारीक असेल तर पातळ कागद फाटतो. तिन्ही थर फक्त वरच्या कडेला चिकटपट्टीने बांधा, म्हणजे पुस्तकाच्या पानासारखं कोपरा उचलून डोकावता येतं. चारही बाजू चिकटवल्या तर आत काय चाललंय ते शेवटपर्यंत कळत नाही.

आणि खाली काय आहे तेही बघा. काचेवर ठेवून गिरवलं तर रेघ बारीक येते. पाच-सहा पानं रद्दी खाली घातली तर कागद दबतो, रेघ रुंद होते, कडा केसाळ होतात. तुम्ही शोधताय तो केसाळपणा बराचसा या गादीतून येतो. कार्बन पेपरमध्ये तो येत नाही, कारण तिथे मेणाचा थर कोरडा आणि एकसारखा असतो. टोक जिथे टेकलं तिथलंच मेण निघतं, शेजारचं जागेवर राहतं.

---

तळटीप_नसलेला

वादाच्या प्रश्नाबद्दल थोडक्यात.

क्ले अतिवास्तववाद्यांच्या गटात नव्हता. हे चित्र केलं तेव्हा तो वायमारच्या बाऊहाउस या कलाशाळेत शिकवत होता आणि अतिवास्तववाद्यांचा पुढारी ब्रताँ याचा पहिला जाहीरनामा अजून दोन वर्षं लांब होता. पण त्या जाहीरनाम्यात (१९२४) ब्रताँने ज्या चित्रकारांची नावं तळटिपेत घेतली त्यांत क्ले आहे, आणि नोव्हेंबर १९२५ मध्ये पॅरिसच्या गॅलरी पिएरमध्ये अतिवास्तववादी चित्रकारांचं पहिलं सामूहिक प्रदर्शन भरलं त्यात क्लेची चित्रं होती. म्हणजे त्यांनी त्याला आपला मानलं, त्याने स्वतःला त्यांचा म्हणवलं नाही. नात्यातल्या माणसाने लग्नाला यावं, पण पंगतीत वाढायला उभं राहू नये, तसं.

माझं मत विचाराल तर चित्राचा विषय अतिवास्तववादी आहे, पण तंत्र पूर्ण तसं नाही. रेखाटन आधीच ठरलेलं होतं. अपघाताला जागा मिळाली ती फक्त डागांत आणि रेघेच्या कडांत. खऱ्या अर्थाने अपघातावर सगळं सोपवणारं जलरंगाचं तंत्र म्हणजे चित्रकार ओस्कार दोमिंगेसचं डेकॅल्कोमनी, म्हणजे रंग दोन कागदांत दाबून सोलणं. त्यावर इथे कुणीतरी लिहावं.

आपल्याकडचा धागाही आहे. डिसेंबर १९२२ मध्ये कलकत्त्याला इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टच्या प्रदर्शनात बाऊहाउसच्या चित्रकारांची कामं लागली होती, त्यांत क्लेही होता. पुढे चित्रकार वासुदेव गायतोंड्यांच्या १९५० च्या दशकातल्या सुरुवातीच्या कामांवर क्लेची छाप स्पष्ट दिसते. त्याहून मला रंजक वाटतं ते हे की, गायतोंडे नंतर पूर्ण अमूर्ताकडे गेले, तरी रोलर आणि कागदाने रंग ठेवणं-उचलणं या मार्गानेच गेले. प्रभाव आकारातून निघून गेला तरी हाताच्या सवयीत उरतो, असं म्हणायला जागा आहे.

---

ओला_ब्रश

वॉशबद्दल मी लिहितो. या तंत्रात लोक निम्म्याहून जास्त चित्रं या टप्प्यावर घालवतात.

पहिलं म्हणजे घाई. रेघ स्पर्शाला कोरडी लागली म्हणजे वाळली असं नाही. तेल वाऱ्याने उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्याला दिवस लागतात. पातळ रेघेला कोरड्या हवेत पाच-सात दिवस, मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात सरळ दुप्पट धरा. कापसाच्या काडीने एका कोपऱ्यातली रेघ चोळून बघा. काडी पांढरी राहिली की पुढे चला. बंद कपाटात वाळवू नका, तिथे हवाही खेळत नाही आणि ओलसर दिवसांत कागदाला बुरशी येते.

कागद ३०० जीएसएम, हॉट प्रेस (गुळगुळीत) किंवा बारीक पोताचा कोल्ड प्रेस (किंचित खरबरीत). रफ कागदावर रेघ फक्त उंचवट्यांवर उमटते आणि तुटक-तुटक दिसते. कुणाला ते आवडेल, पण पक्ष्यांची बारीक मानगूट त्यात हरवते. पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचा कागद घेणार असाल तर त्याला साइझिंग (कागदाने कमी शोषावं म्हणून दिलेला खळीसारखा थर) आहे का ते आधी विचारा. साइझिंग नसलेला कागद टीपकागदासारखा वागतो: वॉश पसरण्याआधीच शोषला जातो आणि रेघेतलं तेल दोन्ही बाजूंना झिरपून पिवळट कडं तयार होतं.

घरी साइझिंग द्यायचं तर १०० मिली पाण्यात २ ग्रॅम जिलेटिन. अर्धा तास भिजवा, मग ५० ते ६० अंशांपर्यंत गरम करा. उकळू नका, उकळलं की त्याची पकड कमी होते. कोमट असताना रुंद ब्रशने दोन्ही बाजूंना लावा आणि दोरीवर वाळवा. जिलेटिन नको असेल तर तांदळाची अगदी पातळ खळ चालते, मात्र तिला कसर लागते. कापूर किंवा कडुनिंबाचा पाला ठेवून किती फरक पडतो यावर वेगळा धागा काढावा लागेल.

आता वॉश. क्लेच्या चित्रात निळा रंग सपाट नाही. तो धुक्यासारखा पुढे-मागे होतो आणि त्यात गुलाबी-जांभळट झाक आहे. त्यासाठी ओल्यावर ओलं काम करायचं. कागद स्वच्छ पाण्याने भिजवा आणि पाण्याची चकाकी जाईपर्यंत थांबा. चकाकी गेलेला पण हाताला गार लागणारा कागद म्हणजे बरोबर ओल. आता पातळ अल्ट्रामरीन, दुधाहून पातळ, चहाच्या कोऱ्या पाण्याइतका, कडांकडून आत न्या. मधे जागा सोडा. तिथे किंचित क्विनॅक्रिडोन रोझ सोडा आणि दोन्हींना एकमेकांत आपोआप मिसळू द्या. ब्रशने मिसळलंत की मळकट होईल. क्लेने नेमके हेच रंग वापरले असं मी म्हणत नाही, पण ही जोडी तो भास देते. शिवाय अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात, त्यामुळे निळ्याला आपोआप रवाळ पोत येतो. थॅलो ब्लू घेतलात तर तो गुळगुळीत बसतो आणि कागदाला इतका चिकटतो की नंतर हलका करता येत नाही.

एक वॉश पूर्ण वाळल्यावरच दुसरा. अर्धवट वाळलेल्यात जास्त ओला ब्रश टेकवला की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग येतात. कधी ते छान दिसतात, पण या चित्रात ते रेघेशी भांडतात.

आणि रेघेवरून ब्रश घासू नका. रेघ पुसत नाही म्हणून लोकांचा आत्मविश्वास वाढतो, मग कागदाचा वरचा थर सोलवटतो आणि तिथे रंग काळपट बसतो.

---

कोरा_कागद

रोलर आणि चाचणीची पट्टी, दोन्हींचा उपयोग झाला. रेघ आता केसाळ येतेय. पण दोन अडचणी उरल्यात.

एक: जिथे तळव्याचे डाग पडले तिथे वॉश धरतच नाही, पाण्याचे थेंब होतात, आणि वाळल्यावर डागाभोवती पांढरं रिंगण राहतं. दोन: डाग पडतात ते सगळे उजव्या खालच्या कोपऱ्यात, कारण हात तिथेच टेकतो. क्लेच्या चित्रात ते पसरलेले आहेत. मुद्दाम पाडले की खोटे दिसतात.

---

रद्दीवर_रोलर

डागावर वॉश न धरण्याचं कारण तेलच. रेघ बारीक असते म्हणून पाणी तिच्यावरून निभावून जातं, डागाचं क्षेत्रफळ मोठं. दोन उपाय आहेत. वॉशच्या १०० मिली पाण्यात ऑक्स गॉलचे (बैलाच्या पित्ताचं द्रावण) दोन-तीन थेंब टाका. ते पाण्याचा पृष्ठताण कमी करतं आणि रंग डागावरूनही पसरतो. जास्त टाकलंत तर वॉश कागदात खोल उतरतो आणि फिका पडतो, म्हणून थेंब मोजूनच. भांडी घासायचा साबण टाकायचा सल्ला कुठे वाचाल, पण त्यात रंग आणि सुगंधी द्रव्यं असतात. सरावाच्या कागदावर ठीक, जपायच्या चित्रावर नको.

दुसरा उपाय मला जास्त पसंत आहे: डाग मुळातच कमी तेलाचे होऊ द्या. चाचणीच्या पट्टीत तळव्याखाली राखाडी छाया यावी असं म्हटलं होतं ते यासाठीच. तुमची छाया बहुधा अजून काळी आहे. अर्धा तास आणखी थांबा.

पांढरं रिंगण मात्र मी सगळं घालवणार नाही. वॉश आणि तेल एकमेकांना टाळतात याची ती खूण आहे आणि त्यातूनच कळतं की रेघ आधी आली, रंग नंतर.

डागांच्या जागेबद्दल: मुद्दाम बोटाने दाबून पाडलेले डाग खोटे दिसतात, कारण ते रेघेशी संबंध नसलेल्या जागी पडतात. खरा डाग हात टेकल्याचा असतो, म्हणजे नेहमी रेघेपासून सात-आठ सेंटीमीटरवर, मनगटाच्या बाजूला. तुमचे सगळे एका कोपऱ्यात पडतायत, कारण तुम्ही कागद न फिरवता गिरवताय. चिकटपट्टीने बांधलेला सगळा जुडगा पाटासकट फिरवत जा. लांब रेघ ओढताना करंगळीवर भार द्या. मोठा चित्रभाग गिरवताना तिथे कोपर येऊ द्या. डाग आपोआप विखुरतात. जिथे अजिबात नकोत, म्हणजे पक्ष्यांच्या चोचींच्या आसपास, तिथे हाताखाली जाड पुठ्ठ्याची पट्टी ठेवा. पुठ्ठा दाब वाटून टाकतो आणि खाली काही उमटत नाही.

---

काच_आणि_गॉश

वर डेकॅल्कोमनीची मागणी झाली आहे, म्हणून लिहितो. दोन्ही तंत्रं शेजारी ठेवली की क्लेचं तंत्रही जास्त उमगतं.

दोमिंगेसने १९३५-३६ मध्ये हे गॉशने (अपारदर्शक जलरंगाने) केलं. पातळ केलेला काळा गॉश चकचकीत पांढऱ्या कागदावर जाड ब्रशने कुठे दाट, कुठे विरळ असा लावायचा. वर तसाच दुसरा कागद ठेवून हलकेच दाबायचं आणि सावकाश सोलून काढायचा. दोन्ही कागदांवर प्रवाळ, मुळं, खडकांच्या कपारी, शेवाळ अशा आकृत्या तयार होतात. आधी काहीच ठरलेलं नसतं. आकार नंतर शोधायचे. अतिवास्तववादी चित्रकार माक्स अर्न्स्टने हीच युक्ती पुढे तैलरंगात नेली.

या फांद्या का फुटतात? कागद सोलताना कडेने हवा आत घुसते. घट्ट द्रवात कमी घट्ट वायू ढकलला जातो तेव्हा त्याची आघाडी सरळ राहत नाही, तिला बोटं फुटतात आणि बोटांना पुन्हा बोटं. सॅफमन आणि टेलर या शास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये याचं गणित मांडलं, म्हणजे चित्रकारांनी वापरल्यानंतर वीसेक वर्षांनी.

यातून कृतीचे नियम निघतात. कागद पाणी शोषणारा असेल तर द्रव उरतच नाही आणि फांद्या येत नाहीत. म्हणून जलरंगाचा महागडा कागद इथे कुचकामी. छापखान्यातलं चकचकीत आर्ट कार्ड, २५० ते ३०० जीएसएम, घ्या. गॉश दोन भाग, पाणी एक भाग. ताकापेक्षा घट्ट आणि श्रीखंडापेक्षा पातळ. पोस्टर कलर वापरणार असाल तर अर्धा चमचा रंगाला डिंकाच्या पातळ पाण्याचे तीन-चार थेंब टाका, नाहीतर वाळल्यावर खडूसारखा झडतो. पाणी जास्त झालं तर फांद्यांऐवजी डबकी येतात. रंग फार घट्ट असेल तर दोन कागद चिकटून बसतात आणि सोलताना आर्ट कार्डाचा चकचकीत थरच उचकटतो.

झपकन सोललं तर फांद्या बारीक आणि दाट, सावकाश सोललं तर रुंद आणि मोकळ्या. एका कडेने सोललं तर सगळ्या फांद्या एका दिशेने झुकतात, झाडीसारख्या. मधून सरळ वर उचलायला काच उपयोगी पडते: वरचा कागद बाजूला ठेवून काचच वापरा, दाबा आणि सरळ उचला. मग आकृत्या मध्यापासून बाहेर फुटतात.

क्लेमध्ये दाबामुळे रंग खाली जातो, इथे तो सोलण्याने फाटतो. दाब माणसाच्या हातात असतो, सोलण्याचा फक्त वेगच हातात असतो. म्हणून ‘ट्विटरिंग मशीन’मध्ये पक्षी पक्षीच राहतात, आणि डेकॅल्कोमनीत तुम्हाला पक्षी दिसला तर तो तुम्हीच शोधलेला असतो.

---

तळटीप_नसलेला

वा! आता पुन्हा मूळ चित्राकडे. तंत्र कळल्यावर ते वाचायला सोपं होतं, थर उलगडत जायचं.

सगळ्यात आधी रेघ. पक्ष्यांकडे पाहा: अंगापेक्षा चोची आणि जिभा महत्त्वाच्या. जिभा बाणांसारख्या, गळांसारख्या, प्रत्येकाची वेगळी. पाय तारेला जखडलेले. तार दांड्याला जोडलेली. दांडा फिरवला की तार हलणार, तार हलली की पक्षी ओरडणार. पण दांडा फिरवणारा चित्रात कुणी नाही. ही सगळी जोडणी इतक्या नाजूक रेघेत आहे की यंत्र कधीही मोडेल असं वाटतं. हीच रेघ पट्टी लावून धारदार काढली असती तर खरंच यंत्राचा आराखडा झाला असता आणि थट्टा संपली असती. केसाळ रेघेमुळे ते गंजलेलं, ओलं, जिवंत आणि थोडं हिडीस राहतं.

मग डाग. मला वाटतं, ते आवाजाचं काम करतात. चित्रात किलबिल कुठेच काढलेली नाही. जिभांच्या आसपासची ती धूळ, तो काळपटपणा म्हणजेच कर्कशपणा. हे माझं वाचन, दुसऱ्याचं वेगळं असू शकतं.

शेवटी वॉश. वॉशला आकारांशी काही देणंघेणं नाही. तो पक्ष्यांच्या बाह्यरेषा पाळत नाही, एकाही पक्ष्याचं पोट त्याने भरलेलं नाही. तो पहाटेसारखा मागे पसरलाय. नवखा चित्रकार इथेच चुकतो: रेघ तयार मिळाली की त्याला तिच्यात रंग भरायची सवय आडवी येते, आणि मग चित्र लहान मुलांच्या रंगवहीचं पान होऊन बसतं. रेघ एक बोलते, रंग दुसरं बोलतो, हे सहन करायला शिकलं पाहिजे.

या चित्राच्या नशिबीही यंत्रच आलं. बर्लिनच्या नॅशनलगॅलरीत होतं. १९३७ मध्ये नाझींनी ‘भ्रष्ट कला’ म्हणून जप्त केलं, विकलं गेलं, आणि १९३९ पासून न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे.

---

कोरा_कागद

पुठ्ठ्याची पट्टी आणि पाट फिरवणं, दोन्ही जमलं. ऑक्स गॉल दोन थेंबांत काम झालं. वॉश आकारांत न भरण्याचा मुद्दा आधी लक्षातच आला नव्हता, दोन कागद त्यामुळे रंगवहीसारखे झालेत.

शेवटचा प्रश्न. क्लेच्या चित्राला भोवती रंगवलेली किनार आहे आणि खाली नाव लिहिलंय. ती चित्राच्याच कागदावर आहे की वेगळी?

---

ओला_ब्रश

वेगळी. चित्राचा कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवलाय आणि किनार त्या पुठ्ठ्यावर गॉश आणि शाईने काढलीय. शीर्षक आणि त्या वर्षातला कामाचा क्रमांक खाली पुठ्ठ्यावर लिहिणं ही क्लेची नेहमीची रीत. त्यामुळे किनार चौकटीचंही काम करते आणि वहीच्या नोंदीचंही.

करायचं तर आम्लरहित पुठ्ठा घ्या. राखाडी मिलबोर्ड काही वर्षांत पिवळा पडतो आणि वरच्या कागदालाही पिवळा करतो. तेलाच्या रेघांमुळे कागद आधीच थोडा ठिसूळ होणार असतो, त्यात भर नको. गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ कागदाच्या पाठीला लावा, पाच मिनिटं ताणू द्या, मग मधून कडांकडे हवा काढत बसवा. किनार नंतर रंगवा, आधी रंगवलीत तर खळीची ओल तिला फुगवते. रेघ शाईने पट्टीला धरून मारायची तर पट्टीची तिरपी कड खाली ठेवा, म्हणजे कड कागदापासून उचललेली राहते; नाहीतर शाई तिच्याखाली ओढली जाते.

चिकटवल्यावर दोन दिवस वजनाखाली. इथे मात्र स्वयंपाकघरातला तो सिलिकॉनचा बटर पेपर कामाला येतो, चित्र आणि वजनाची फळी यांच्या मधे घाला. साधा पांढरा कागद घातलात आणि रेघ आतून अजून ओली असली, तर दोन दिवसांनी चारही पक्षी त्या कागदावर उलटे बसलेले सापडतील.